कितव्या पानावर आहेस?

कोणाला पुस्तक वाचायला दिलं, तर त्याने घरी जाऊन चपला काढायच्या आत त्याला फोन करू नये, एवढं आता मला कळतं. पूर्वी कळत नसे. पूर्वी मी दुसऱ्याच दिवशी सकाळच्या लोकलमध्ये विचारायची, "कितव्या पानावर आहेस?" समोरची मैत्रीण चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली, मांडीवर मेथीची जुडी, आणि चेहऱ्यावर पतपेढीचा हप्ता थकल्याचे भाव. "सुरू केलंय गं," ती म्हणायची आणि मेथीत डोकं खुपसायची.

तीस वर्षं डोंबिवली ते फोर्ट असा प्रवास करून मी ही भाषा शिकले. 'सुरू केलंय' म्हणजे पिशवीतून बाहेर काढलंय. 'अर्ध्यावर आलंय' म्हणजे सुरू केलंय. 'छान आहे हं' म्हणजे अर्ध्यावर सोडलंय. आणि जिने खरोखरच वाचलेलं असतं ती असलं काही बोलत नाही, ती सरळ भांडायला येते. पण तशी माझ्या वाट्याला क्वचितच आली.

माझं पुस्तक म्हणजे 'रणांगण'. लिहिलं विश्राम बेडेकरांनी, १९३९ साली, हे मला मान्य आहे. पण त्याचा प्रसार मी केला अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. बेडेकरांनी आयुष्यात ही एकच कादंबरी लिहिली आणि मीही गेल्या दिवाळीपर्यंत दुसरी कुठली सुचवली नाही. तिच्या सात प्रती मी विकत घेतल्या. आज घरात एकही नाही. एक बदली होऊन नागपूरला गेलेल्या सहकाऱ्याबरोबर गेली. एक दातांच्या डॉक्टरांकडे वेटिंग रूममध्ये मुद्दाम विसरले, पुढच्या वेळी पाहिलं तर ती एका डुगडुगणाऱ्या टीपॉयच्या पायाखाली होती. एक लग्नात अहेर म्हणून दिली. लग्नात 'रणांगण' द्यायला नको होतं हे मला आता पटतं. तेव्हा नवरीच्या आईने माझ्याकडे का तसं बघितलं, ते घरी येईपर्यंत कळलं नव्हतं. बाकीच्या चार प्रतींचं काय झालं, ते घेणारे सांगत नाहीत आणि मी विचारलं की रस्ता ओलांडतात.

माझ्या कपाटाला नवरा 'समृद्ध अडगळ' म्हणतो. नेमाड्यांच्या 'हिंदू'चं हे उपनाव त्याला पाठ आहे. आतली सहाशे पानं त्याने उघडलेली नाहीत, पण २०१०मध्ये घेतलेल्या त्या पुस्तकाचा जेवढा उपयोग त्याने केला तेवढा आमच्या ओळखीत कोणी केलेला नाही.

लग्न होऊन मी डोंबिवली पूर्वेकडून पश्चिमेला आले, एवढंच काय ते माझं सासर-माहेर. त्यामुळे कॉलेजात असल्यापासूनचं पूर्वेचं वाचनालय अजून सुटलेलं नाही. पूल चढून, फेरीवाले चुकवत, घामाघूम होऊन मी तिथे जाते आणि कपाटांकडे ढुंकूनही न बघता टेबलावरच्या ढिगाकडे वळते. टेबलावर आज परत आलेली, अजून जागेवर न लावलेली पुस्तकं असतात. सगळे वाचक त्यातूनच घेतात. कपाटात पंधरा हजार पुस्तकं शिस्तीत उभी, आणि इकडे सात बायका आणि तीन पेन्शनर एका ढिगावर वाकलेले. कारण साधं आहे : ते पुस्तक कोणीतरी नेलं होतं. समीक्षकाने काय लिहिलंय, पुरस्कार कुठला मिळालाय, ते राहू दे; शेजारच्या बिल्डिंगमधलं कोणीतरी ते पिशवीत घालून घरी घेऊन गेलं, ही खरी शिफारस. मग हळूच मागचं पान उलटून तारखांचे शिक्के मोजायचे. शिक्के कमी असले तर पुस्तक ठेवून द्यायचं. भाजी घेताना आपण हेच करतो.

मागच्या पानावर आणखी एक गोष्ट असते. पेन्सिल. छापलेल्या पुस्तकावर लिहिणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे, आणि ते काय लिहितात हे वाचल्याशिवाय मी एकही पुस्तक घरी नेत नाही. आमच्या वाचनालयातली 'ययाति'ची प्रत बघा. खांडेकरांना ज्या कादंबरीने साहित्य अकादमी पुरस्कार मिळवून दिला, तिच्या शेवटच्या पानावर पहिला अभिप्राय 'अप्रतिम!'. खाली दुसऱ्या अक्षरात, 'अप्रतिम काय? ययातीला चपलेने मारला पाहिजे.' त्याखाली, 'शर्मिष्ठा ग्रेट'. त्याखाली, 'देवयानीची काहीही चूक नाही. – एक सून'. सगळ्यांत खाली लाल शाईच्या पेनाने, ग्रंथपालबाईंच्या वळणदार अक्षरात, 'पुस्तकावर काहीही लिहू नये.' आणि त्याच्याही खाली, उरलेल्या अर्ध्या इंचात, 'तुम्हीच पेनाने लिहिलंय.'

या बाई आता निवृत्त व्हायला आल्या आहेत. त्यांनी आयुष्यभर कादंबऱ्यांची वर्गवारी स्वतःच्या पद्धतीने केली : रडकी, राजाची, कोकणातली, खुनाची आणि 'तुम्हाला झेपेल का बघा'. कोकणातल्या फळीवर 'गारंबीचा बापू' आणि 'पडघवली' शेजारी शेजारी असतात. 'तुंबाडचे खोत'चे दोन जाडजूड खंड एका वाचकाने एका वेळी नेऊ नयेत, असा त्यांचा अलिखित नियम आहे. आणि 'रणांगण' त्यांनी लावलं होतं राजाच्या फळीवर, 'पानिपत'च्या शेजारी.

"बाई, अहो ही प्रेमाची गोष्ट आहे. बोटीवरची."

"नाव रणांगण आहे ना?"

"हो, पण –"

"मग लोक शोधणार कुठे?"

पुढचं सगळं या फळीमुळे घडलं. आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. रेल्वेतून निवृत्त, तब्येत ठणठणीत, वाचन फक्त ऐतिहासिक. 'स्वामी', 'श्रीमान योगी', 'झुंज', 'पानिपत', सगळं दोन-दोनदा झालेलं. त्यांना माधवरावांना क्षय झाल्याचं अजून वाईट वाटतं, घरातलं कोणी आजारी पडल्यासारखं. एका संध्याकाळी दारावरची बेल वाजली. दारात काका, हातात वाचनालयाच्या करड्या बांधणीतलं 'रणांगण'.

"हे तुमचंच ना? सारखं सांगत असता ते?"

माझं काळीज सुपाएवढं झालं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा एक माणूस स्वतःच्या पायाने चालत 'रणांगण'बद्दल बोलायला माझ्या दारात आला होता. मी त्यांना बसवलं, चहा टाकला.

"चाळीस पानं झाली," काका म्हणाले. "अजून एक तोफ नाही."

मी शांतपणे समजावलं. म्हटलं, काका, दुसरं महायुद्ध तोंडावर आलंय, युरोपातून एक बोट मुंबईकडे निघालीय. बोटीवर हिटलरच्या तावडीतून सुटलेले ज्यू आहेत. त्यांना कुठलाच देश घ्यायला तयार नाही. त्यातली एक हॅर्टा आणि आपला चक्रधर विध्वंस. हे मनातलं रणांगण आहे.

"मनातलं होतं तर मनातच ठेवायचं," काका म्हणाले. "कव्हरवर कशाला छापायचं?" बशीत चहा ओतून त्यांनी एक घोट घेतला. "बोट तरी बुडते का?"

"नाही."

"हं," म्हणाले, आणि पुस्तक काखेत मारून जिना चढून गेले. पुढचे तीन आठवडे त्यांनी ते परत केलं नाही, दंड भरला, आणि माझ्याशी मात्र गॅलरीतल्या पाण्याच्या गळतीपलीकडे एक शब्द बोलले नाहीत. आवडलं नव्हतं तर एवढे दिवस ठेवलं कशाला, हे कोडं मला बरेच दिवस सुटलं नाही.

लोकलमधलं वाचन हे वेगळंच शास्त्र आहे. तिथे पुस्तकाचा दर्जा वजनावर ठरतो. उभ्याने एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने 'मृत्युंजय' तोलता येत नाही. कर्णाची कवचकुंडलं जायच्या आधी आपलं मनगट जातं. त्यामुळे आमच्या डब्यात माडगूळकरांची 'बनगरवाडी' फार चालली. पर्समध्ये डब्याशेजारी मावते, आणि मास्तर बनगरवाडीत पोचेपर्यंत मुंब्रा येतो. ही 'बनगरवाडी' सुचवणारी आमच्यातली एक गोदरेजच्या कपाटासारखी भक्कम बाई होती. ती कधीही "वाचलंस का?" म्हणून विचारायची नाही. नुसती खिडकीशी बसून वाचायची आणि मधूनच एकटी हसायची. तीन दिवसांत अख्खा डबा तिच्या खांद्यावरून वाकून बघायला लागला. तिचा मला तेव्हा हेवा वाटायचा. मी 'रणांगण' वाचताना हसणं शक्य नव्हतं. रडून पाहिलं, तर बायकांनी घरी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं.

घरी मला श्रोता मिळाला तो सासूबाईंमध्ये, पण आमची सुरुवातच चुकली. नवीन लग्न होतं. मी दुपारी हरिभाऊ आपट्यांची कादंबरी घेऊन लोळले होते. १८९०पासून 'करमणूक'मध्ये हप्त्याहप्त्याने आलेली यमूची कहाणी. एवढ्या वर्षांनीही वाचताना पोटात तुटतं. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "काय गं वाचतेस?"

मी मान वर न करता म्हटलं, "पण लक्षात कोण घेतो!"

त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी नवऱ्याने मुखपृष्ठ दाखवून समेट घडवला. त्यानंतर त्यांनी मला विश्वासात घेतलं आणि पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली. आत बाबूराव अर्णाळकर. झुंजार, काळा पहाड, धोकटीतल्या औषधासारख्या वासाची पिवळी पानं. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या त्या माणसाने, आणि त्यातल्या निदान दीडशे आमच्या पलंगाखाली असाव्यात. "हे वाच," सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे तुझं ते बोटीचं मी वाचीन." सरळ सौदा होता. मी मात्र तेव्हा एम. ए. होते. 'वाचते हं' म्हटलं, दोन घेतल्या, उशाशी ठेवल्या, आठवड्याने नेऊन दिल्या. "छान आहेत हं," म्हटलं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि ट्रंक आत सरकवली. ती भाषा त्यांना माझ्याआधीपासून येत होती. 'रणांगण' त्यांनी वाचलं नाही.

आता वॉचमनमामांबद्दल सांगायला हवं. आमच्या सोसायटीच्या गेटवर रात्रपाळीला असतात, मूळचे वाळवा तालुक्यातले. त्यांच्या खुर्चीवर नेहमी एक पाठ निखळलेलं, सुतळीने बांधलेलं पुस्तक असतं. अण्णा भाऊ साठ्यांचं 'फकिरा'. १९५९ची कादंबरी, बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेली. अण्णा भाऊंचं वाटेगाव मामांच्याच तालुक्यातलं. मी एका रात्री सवयीप्रमाणे थांबले आणि माझं भाषण सुरू केलं, की मामा, तुम्ही 'रणांगण' वाचायला हवं, ते असं आहे, त्यात मानवी संबंधांचं तसं आहे. मामांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्याडम, तुमी ह्ये वाचलंय का?"

"नाही हो."

"आमच्याकडं जत्रा ज्या गावाकडं जोगणी त्या गावाची. दुसऱ्या गावात शिरायचं, भर जत्रेतनं जोगणी उचलायची आन शिवेच्या आत आनायची. आत आली, म्हंजी जत्रा आपली. तर ह्या राणोजीनं उचलली बघा. आन घोडं सोडलं शिवेकडं. मागनं सगळं गाव, हातात हत्यारं –"

एवढ्यात गेटवर गाडीचा हॉर्न वाजला. मामा उठले, फाटक उघडलं, गाडी आत घेतली, वहीत नंबर लिहिला, फाटक लावलं, खुर्चीवर येऊन बसले आणि तंबाखू मळायला लागले.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय?"

"राणोजी शिवेवर पोचला का?"

"वाचा की," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पूल ओलांडून जाऊन मी 'फकिरा' आणली. दोन रात्रींत संपवली. इतक्या वर्षांत कोणी सुचवलेलं पुस्तक मी पहिल्यांदाच पुरं केलं, हे लिहिताना मला लाज वाटते, पण खोटं कशाला बोलू? मामांनी त्यात मानवी संबंधांचं काय आहे, हे एका शब्दानेही सांगितलं नव्हतं.

ही युक्ती मी लगेच मैत्रिणीवर करून पाहिली. "बोट सुटते," मी आवाज खाली आणून म्हटलं. "डेकवर एक मराठी तरुण. समोर एक मुलगी. तिला देश नाही –"

"लग्न होतं का त्यांचं?"

"ते वाच ना तू!"

"म्हणजे होत नाही," ती म्हणाली. "मग राहू दे बाई. रात्री साडेआठला मालिकेत रोज हेच बघतेय." राणोजीचं घोडं प्रत्येकाच्या हाती लागत नाही.

गेल्या दिवाळीत भाचा आला. पुण्यात हॉस्टेलवर राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याच्यासाठी मी पहिल्यांदाच 'रणांगण' सोडून 'कोसला' काढली. हिशेब अगदी पक्का होता : पांडुरंग सांगवीकर गावाकडून पुण्याला येतो, हॉस्टेल, मेस, परीक्षा, सगळं फुकट घालवतो, आणि नेमाड्यांनी ही लिहिली तेव्हा तेही पंचविशीचेच होते. १९६३चं पुस्तक या पोराला कालचं वाटेल. मी फोन केला नाही, कितवं पान विचारलं नाही, लाडू वळत बसले. त्याने रात्रभर जागून वाचलं. सकाळी डोळे तांबारलेले. मला इतका आनंद झाला, की गप्पा मारता याव्यात म्हणून मीही ती पुन्हा हातात घेतली. कॉलेजनंतर पहिल्यांदाच.

आणि घोटाळा झाला. विशीत मी पांडुरंगाच्या बाजूने होते, जीव तोडून. त्याचे वडील मला तेव्हा भयंकर वाटले होते. आता मी तिथे पोचले, तर दर चार पानांनी मनात बेरीज चालू. आता याने किती उडवले? मेसचे कोण देणार? वडिलांनी पैसे पाठवले की मी सुटकेचा निःश्वास टाकत होते. फक्त मनीच्या मरणाशी आलो तेव्हा भाचा आणि मी दोघंही एकाच बाजूला होतो. त्यावर आम्ही काही बोललो नाही, त्याने नुसता माझ्यापुढे चिवड्याचा डबा सरकवला.

बाकी सगळ्यावर तो मला हसत होता. "मावशी, तू बापाच्या पार्टीत गेलीस."

"पैसे लागतात रे सगळ्याला."

"आणि तुझं ते रणांगण? शेवटचं कधी वाचलंस?"

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. एकविसाव्या वर्षी. नंतर विकत घेतलेल्या सातही प्रती घेतल्या की दिल्या. एकही उघडली नव्हती. चाळीस वर्षं मी लोकांना विचारत होते कितव्या पानावर आहेस, आणि मला विचारलं असतं तर उत्तर होतं, पिशवीतून काढलंय.

मग काय, पूल, फेरीवाले, घाम. बाईंनी विचारलं, "अहो, तुमच्याकडे असेलच की." मी म्हटलं, सगळी वाटली. राजाच्या फळीवर, 'पानिपत'ला टेकून, ते उभं होतं. करडी बांधणी, पाठीवर पांढऱ्या शाईत दाखल क्रमांक. घरी न्यायच्या आधी सवयीने मागचं पान उलटलं. तारखांचे शिक्के मी समजत होते त्याहून बरेच जास्त होते, आणि त्यातला एकही माझ्यामुळे पडलेला नसावा.

त्या शिक्क्यांच्या समोरच्या पानावर पेन्सिल होती. सगळ्यांत वर, गोलगोल, एम. ए.च्या नोट्स काढणाऱ्या अक्षरात : 'हे पुस्तक प्रत्येकाने वाचलेच पाहिजे!!' दोन उद्गारचिन्हं. अक्षर ओळखायला मला फार वेळ लागला नाही. विसरले होते असं सांगायला आवडलं असतं, पण ती दोन उद्गारचिन्हं मी कशी विसरणार!

त्याखाली कोणीतरी एकच शब्द लिहिला होता : 'का?'

त्याखाली, थरथरत्या पण टोकदार अक्षरात, रेल्वेच्या रजिस्टरात लिहावं तसं : 'युद्ध नाही. परंतु वाचावे.' वरच्या मजल्यावरचा पाण्याच्या गळतीचा अर्ज मी याच अक्षरात तीनदा वाचला आहे.

आणि सगळ्यांत शेवटी, बारीक, कॉलेजातलं असावं असं अक्षर : 'वाचलं. रात्रभर झोप नाही. दुसरं सुचवा.'

मी तिथेच स्टुलावर बसले. चाळीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. बाई खिडकीशी उभ्या राहून खाली रिक्षावाल्याशी कुठल्या तरी पार्सलवरून वाद घालत होत्या. मी पर्समध्ये हात घातला. चष्म्याचं घर, पास, सुट्टे पैसे, आणि तळाशी किराण्याच्या यादीची पेन्सिल. आधी 'प्रत्येकाने' असं लिहायला हात वळला होता, तो आवरला. लिहिलं, 'फकिरा'. आणि पुढे, 'राणोजीने जोगणी उचलली आणि घोडं शिवेकडे सोडलं. मागे सगळं गाव...'

पार्सलचा वाद मिटला, बाई मागे वळल्या, आणि मी पुस्तक मिटलं.